न ऐकलेल्याला मार्क नाहीत

मिरजेत सतारीचे भोपळे गच्चीवर वाळत ठेवलेले असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कुणाकडे तरी मोठं जेवण आहे.

कानात कापूस घातला तर आवाज फार तर पाच-सात डेसिबलने कमी होतो. हे मी पेशंटना सांगते, निदान दिवसातून एकदा.

वहीतली नोंद: 'आडवं सूत. तेजपाल नऊ, वृंदा आठ, इलाही सहा.'

एका शेडमध्ये चोवीस माग चालू असताना दोन माणसं बोलायला लागली, तर ती एकमेकांच्या डोळ्यांकडे बघत नाहीत. तोंडाकडे बघतात.

कानाची तपासणी चालू असताना पेशंटला तपासणाऱ्याचा हात दिसता कामा नये.

परवा इंटरनेटवर एका मुलाने विचारलं होतं: 'धोटा' बँडच्या मिरजेच्या रेकॉर्डिंगमध्ये झांजा इतक्या मऊ का आहेत, आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला अचानक उसळतात का? खाली एकशे चौदा उत्तरं होती. एकही बरोबर नव्हतं.

*

"झाकण धर," तेजपाल म्हणाला.

मी उठले आणि फळीवरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण हाताने दाबून धरलं. किणकिण थांबली.

तेजपाल मगदूमच्या वडिलांचं जयसिंगपुरात भांड्यांचं दुकान होतं. वरच्या माळ्यावर जास्तीचा माल असायचा: एकात एक घातलेली पातेली, कागदात गुंडाळलेले तांबे, झाकणांची चळत. त्या मालाच्या मध्ये चटई टाकून आम्ही तिघं महिन्यातल्या एका रविवारी 'धोटा' ऐकायचो. तेजपालने चांगले स्पीकर घेतले होते. जागा मात्र तेवढीच होती.

'धोटा' हा इचलकरंजीचा बँड, नाव मागावर आडवं सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यावरून. हिपहॉप, पण कॉम्प्युटरवर बनवलेला ठेका नाही. ड्रमसेट, बास गिटार, हलगी, झांजा आणि लग्नाच्या बँडमधून आलेला एक क्लॅरिनेट. पुढे उभी राहून शब्द फेकणारी सरोज कांबळे. तोवर तीन अल्बम आले होते: 'आडवं सूत', 'उभं सूत' आणि नुकताच आलेला 'तुटकं सूत'. कॉन्सर्ट आम्ही अकरा ऐकल्या होत्या. सगळ्याची वही होती. नियमही होते. गाणं संपलं की आधी मार्क लिहायचे, मग तोंड उघडायचं. कॉन्सर्टचे मार्क तिकिटाच्या पाठीमागे, तिथल्या तिथे. आणि स्वतः ऐकलं नसेल त्याला मार्क नाहीत. हा शेवटचा नियम इलाहीचा. तेजपालने एकदा कुणाच्या तरी मोबाइलवरच्या दीड मिनिटावरून कराडच्या कॉन्सर्टला सात दिले, तेव्हा इलाहीने वहीचं ते पान फाडून त्याच्या हातात दिलं होतं.

इलाही मोमीन सतराव्या वर्षापासून मागावर होता. तेव्हा एकोणतीसचा असेल. मी सव्वीसची, मिरजेत कान-नाक-घशाच्या दवाखान्यात कान तपासायच्या कामाला. आमची ओळख एका कॉन्सर्टमध्ये स्पीकरसमोर झाली होती.

"काय झालं?" इलाहीने विचारलं.

"झाकण वाजतंय," तेजपाल म्हणाला.

"कुठलं?"

त्याने फळ्यांवरून नजर फिरवली. पातेली, तांबे, चळत. मग माझा हात दिसला, तेव्हा म्हणाला, "हां, ते होय."

मी हात काढला. किणकिण परत सुरू झाली, बारीक, सुईसारखी. तेजपालने तोंड वाकडं केलं. इलाही गाण्यावर मान हलवत होता. मी परत हात ठेवला.

गाणं संपलं. तिघांनी लिहिलं. इलाहीने कागद उलटा केला.

"साडेनऊ."

"पाच," तेजपाल म्हणाला. "दातात शिरतंय रे हे. दात कोरायला बसवल्यासारखं वाटतं."

"तुझे दात नाजूक आहेत त्याला सरोजताई काय करणार? पहिल्या अल्बममध्ये काय होतं सांग. माणसं गोधडीत शिरून वाजवतायत. इथं बघ, पहिल्यांदा सगळं साफ आलंय. झांज ऐकू आली का नाही? तिथं झांज होती कुठं?"

"पहिल्या अल्बममध्ये झांज आहे, भावा. दुसऱ्या गाण्यात अख्खं कडवं नुसती झांज आणि सरोज आहे."

"हलगी आणि सरोज."

"झांज!"

"वृंदा, सांग गं ह्याला."

"झांज आहे," मी म्हणाले.

"झालं. दोघं सामील." इलाही हसला. "कॉन्सर्टमध्ये ऐकली की मी. प्रत्यक्षात असते. अल्बममध्ये दाबून टाकलीय."

"प्रत्यक्षात तू स्पीकरला कान चिकटवून उभा असतोस," तेजपाल म्हणाला. "तिथं मुंगीपण ऐकू येईल."

मी साडेसहा दिले होते. ते वहीत लिहिताना मी मागचं पान उलटलं, मग त्याच्या मागचं. इलाहीचे मार्क मी कधी असे एकाखाली एक वाचले नव्हते. ज्या कॉन्सर्टला तेजपालने 'कर्कश' लिहिलं होतं, तिथे इलाहीचे नऊ. जिथे तेजपालने 'गोड, गुबगुबीत' लिहिलं होतं, तिथे इलाहीचे सहा, साडेपाच, सहा. जी गोष्ट मी रोज तक्त्यावर काढत होते, ती इथे पेनाने लिहिलेली होती. चार वर्षांची.

"ऐका आता," इलाही म्हणाला. "मला एक सांगायचंय. सरोजताईंचा फोन आला होता."

आम्ही दोघं थांबलो.

"त्यांचा साउंडवाला मस्कतला गेला. नोकरी लागली त्याला. सरोजताई म्हणाल्या, तू इतकी वर्षं कार्यक्रमाआधी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलायस, तुला सगळी गाणी पाठ, तू बस मिक्सरच्या बोर्डावर. पुढच्या शनिवारी मिरजेला. शाळेच्या मैदानात."

तेजपालने त्याला धरून असं हलवलं की फळीवरचे तांबे हलले.

"आणि जमलं तर पुढं अकरा कार्यक्रम," इलाही म्हणाला. "नाशिक, अकोला, नागपूर, पणजी. अकरा जमले की कायम. माग सुटला बघा माझा."

"मालकाला सांगितलंस?" मी विचारलं.

"शनिवार होऊ दे. मग सांगतो. आधी सांगून कोण हसं करून घेणार?"

तो बोलताना माझ्या तोंडाकडे बघत होता. तो नेहमीच तसं बघायचा. मला वाटायचं, ती त्याची लकब आहे.

"मंगळवारी दवाखान्यात येतोस का?" मी म्हणाले. "दुपारी दोन ते चार बंद असतो. कान तपासून टाकू."

"का?"

"बोर्डावर बसणाऱ्याने एकदा तपासून घ्यावेत."

तेजपाल पुढचं गाणं लावत होता.

"येतो की," इलाही म्हणाला. "सर्टिफिकेट दे. फ्रेम करून मागावर लावतो."

*

खोली छोटी, सगळीकडून गादीसारखी मढवलेली, एक काच. आत पेशंट, काचेबाहेर मी आणि यंत्र. पेशंटला तिरकं बसवायचं असतं. समोर बसला की त्याला माझा हात दिसतो, आणि हात दिसला की माणूस आवाजाची वाट बघत नाही, हाताची बघतो. लहान मुलं करतात. भरतीला निघालेली पोरं करतात. पेन्शनीत निघालेले आजोबा भरपाईसाठी उलटं करतात, ऐकू आलं तरी बटण दाबत नाहीत.

"लाल उजवीकडे, निळा डावीकडे." मी त्याला हेडफोन घातला. "आवाज आला, कितीही बारीक असला, की हे बटण दाबायचं. माझ्याकडे दिवा लागतो."

"नापास झालो तर?"

"इथं कुणी नापास होत नाही."

"मग शाळेपेक्षा बरंय."

मी दार लावलं. एक हजार हर्ट्झपासून सुरुवात केली; आकडा वाढतो तसा स्वर चढा होतो. दिवा लागला. कमी केलं, लागला. अजून कमी, लागला. दोन हजार, लागला. तीन हजार. लागला. चार हजार, चाळीस डेसिबलवर दिला. लागला. तीसवर, लागला. दहावर दिला, आणि दिवा लागला.

दहा म्हणजे शाळकरी पोराचा कान.

मला इतकं बरं वाटलं की मी काचेतून त्याच्याकडे बघून हसले. वहीवरून मी काय काय रचून बसले होते! आवड असते माणसाची. एकाला तिखट आवडतं. तो हसला नाही, कारण तो माझ्याकडे बघत नव्हता. समोरच्या भिंतीकडे बघत होता, मान किंचित पुढे काढून. भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं चित्र होतं. औषधकंपनीने दिलेलं, काचेच्या फ्रेमचं.

डावा कान सुरू केला. चार हजार. मी बोट बटणावर टेकवलं आणि दाबलं नाही.

दिवा लागला.

परत टेकवलं. दाबलं नाही. दिवा लागला.

मी हात उचलून कपाळावर आलेले केस मागे सारले.

दिवा लागला.

मी टेबलावरच्या चार फायली उभ्या करून यंत्रापुढे ठेवल्या. भिंतीवरच्या काचेत आता फायली दिसत असणार. इलाहीची मान मागे आली. त्याने खुर्चीत एकदा चुळबुळ केली, इतकंच. मला ते तोंड आजही नीट लिहिता येत नाही. मी पहिल्यापासून सुरुवात केली. उजवा कान, एक हजार: पंधरा. दोन हजार: पंचवीस. तीन हजार: पंचेचाळीस. चार हजारवर मी दहा दिलं, वीस दिलं, चाळीस दिलं, पन्नास दिलं. तो बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होता. साठ. पासष्टला दिवा लागला. डावा, साठ. आठ हजारवर परत थोडं वर.

कागदावर लाल गोल आणि निळ्या फुल्या जोडल्या की सपाट चालत आलेली रेघ एकदम विहिरीत उतरते आणि पलीकडून अर्धी वर येते. इचलकरंजीहून आलेल्या माणसांची ही रेघ मी डोळे मिटून काढू शकते.

मी दार उघडलं. त्याने हेडफोन स्वतःच काढला.

"हात हलवायचा आणि आवाज द्यायचा नाही," तो म्हणाला. "चालतं होय हे तुमच्यात?"

"आणि काचेत बघून बटण दाबलेलं चालतं?"

"मी केस मागं घेतलेल्यालापण दाबलं. नाही का?"

"हो."

त्याला हसू आलं. मलाही आलं. मग दोघांचंही थांबलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय माहीत. कमी होताना कळतं होय? घरात अम्मी म्हणते, कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद कर. मला वाटायचं कुकर बिघडलाय." त्याने कागद हातात घेतला. "हा खड्डा म्हणजे?"

"तिथे झांज असते. ड्रमसेटचा हाय-हॅट असतो. सरोजच्या बोलण्यातले स आणि श असतात."

"म्हणजे तुटकं सूत..."

"तिसरा अल्बम कर्कश आहे, इलाही. तेजपाल बरोबर आहे."

तो कागदाकडे बघत राहिला. "मग मला पहिल्यांदा सगळं साफ वाटलं ते..."

"तुझ्यापुरतं साफ होतं."

"दुरुस्त होतं का?"

"नाही. मशीन लावता येतं. आणखी बिघडू नये म्हणून मागावर कानाला..."

"कापूस घालतो की."

रोज जे बोलते ते त्या दिवशी बोलले नाही.

"सरोजताईंना तू सांगणार?" त्याने विचारलं.

"मी का सांगू? तू सांग."

"शनिवारला चार दिवस राहिले. आता त्यांना दुसरा कोण मिळणार?" तो उठला, काचेपाशी गेला, माझ्या खुर्चीकडे, फायलींकडे बघून आला. "वृंदा, आवाज मला दिसत नाही, पण तुझा हात दिसतो. लई भारी दिसतो. शाळकरी पोराचा कान झाला होता की नाही माझा?"

"म्हणजे?"

"शनिवारी शेजारी उभी राहा. वरचा आवाज जास्त झाला, हात खाली कर. कमी झाला, वर कर. बरोबर असला तर टेबलावर ठेव. खालचं सगळं, बास, हलगी, मला कळतं. तिथं मी कुणाला ऐकत नाही."

"आणि गाण्याकडे मी लक्ष कधी देणार?"

"गाणी तुला पाठ आहेत."

*

शाळेच्या मैदानात मध्यावर चार बांबूंवर ताडपत्री आणि खाली टेबल. कार्यक्रम साडेपाचचा होता. उन्हं अजून शाळेच्या पाट्यांवर होती. स्टेजवर सरोज चहाचा कप हातात घेऊन फिरत होती. आमच्याकडे बघून तिने ओरडून विचारलं, "इलाही, ही कोण रे? सेक्रेटरी?"

"डॉक्टर आहे माझी!" तो ओरडला.

"लागंल, लागंल! जवळच ठेव!"

तेजपाल टेबलासमोर चौथ्या रांगेत बसला होता, तिकीट आणि पेन गुडघ्यावर. त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं. मी तिथे का उभी आहे असं त्याने विचारलं, तर इलाही म्हणाला, "पास फुकट मिळाला, म्हणून."

सुरू झालं. पहिल्या गाण्यातच झांजा तोंडावर आल्या. मी हात खाली केला. इलाहीचं बोट खाली आलं. अजून खाली. मग मी हात टेबलावर ठेवला. समोरच्या रांगेतल्या एका बाईने कानावर धरलेला पदर काढला.

दुसऱ्या गाण्यापर्यंत आम्हाला जमलं होतं. तिसऱ्याला माझा हात हलायच्या आधी त्याचं बोट निघायला लागलं, माझ्या खांद्यावरून त्याला कळत असावं. खालचं त्याने काय केलं होतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. हलगी आणि बास इतके एकमेकांत बसलेले मी आधी अकरा कॉन्सर्टमध्ये ऐकले नव्हते. वर मात्र मी प्रत्येक वेळी थोडं जास्तच कमी करायला लावत होते. त्या कागदावरची विहीर माझ्या डोळ्यांपुढे होती, आणि मला भीती वाटत होती.

एकदाही त्याने स्टेजकडे बघितलं नाही. चार वर्षं जो स्पीकरसमोरची जागा मिळावी म्हणून दोन दोन तास आधी जायचा, तो माझ्या पंज्याकडे बघत उभा होता.

मग 'उभं सूत'मधलं शेवटचं गाणं आलं. त्यात सरोज थांबते आणि क्लॅरिनेट एकटा वर चढतो, लग्नात वरात दारात आल्यावर चढतो तसा. मग हलगी. मला ते गाणं किती आवडतं हे वहीत दहा म्हणून लिहिलेलं आहे. दहा मी कधी दुसऱ्या कशालाच दिले नाहीत. मी हात विसरले. हात टेबलावर होता आणि मी स्टेजकडे बघत होते. झांजा चढल्या. आणखी चढल्या. मैदानातल्या लोकांनी हात वर केले, पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. इलाहीला वाटलं, हात टेबलावर आहे म्हणजे बरोबर आहे.

मी वळून बघितलं तेव्हा तो माझ्या हाताकडे बघत नव्हता. चेहऱ्याकडे बघत होता. बोट तसंच होतं.

मी हात खाली केला. झांजा उतरल्या.

इंटरनेटवरचे लोक म्हणतात, ते बँडच्या आयुष्यातलं सर्वांत हुशार अर्धं मिनिट आहे. सबंध कार्यक्रमभर धरून ठेवायचं आणि एकदाच सोडायचं. एकाने त्यावर सहा पानं लिहिली आहेत. चांगली लिहिली आहेत.

*

खुर्च्या उचलत होते. तेजपाल तिकीट नाचवत आला.

"पावणेदहा! आजपर्यंतचे सगळ्यांत जास्त! इलाही, काय वाजवलंस रे! दाखव तुझं. किती?"

इलाहीने खिशातून तिकीट काढलं. पाठीमागे कोरं होतं.

"लिहिलं नाहीस?"

"न ऐकलेल्याला मार्क नाहीत."

"काय बोलतोस? तुझ्यासमोरच तर..."

तेवढ्यात सरोज आली. घामाने ओली, गळ्यात टॉवेल, मागे क्लॅरिनेटवाले नाना. तिने इलाहीच्या पाठीत एक थाप घातली.

"पोरा, माझे शब्द पहिल्यांदा मलाच ऐकू आले. अकरा कार्यक्रम. नाशिकची तिकिटं काढतीय, मंगळवारी निघायचं. येणार नव्हं?"

मी इलाहीकडे बघितलं. मला वाटलं, तो 'येतो' म्हणेल. मला वाटलं, तसा म्हणाला तर मी गप्प बसेन.

"ताई, मला वरचं ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"काय वरचं?"

"झांज, हाय-हॅट. खालचं येतं. वरचं ही सांगत होती, हाताने. मी हिच्याकडे बघून करत होतो."

तेजपाल माझ्याकडे बघायला लागला. सरोजने टॉवेलने तोंड पुसलं, सावकाश.

"मागावर किती वर्षं?"

"बारा."

"माझा बाप तीस वर्षं होता. आम्ही घरात खुणांनीच भांडायचो." ती इलाहीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "मग त्यात काय झालं? दोघं या. दोघांचं मिळून एक डोकं झालं ना? नाना, डब्यात एक सीट वाढवा."

"वाढवली," नाना म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, इलाही सोडून. तो वायर गुंडाळत होता. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, परत कोपरापर्यंत, नीट, सूत गुंडाळावं तशी.

अकरा गावं. मी डोळ्यांपुढे बघितली. दोन महिने, माझा हात टेबलावर, आणि प्रत्येक संध्याकाळी ते गाणं. मी जिच्याकडे राहायचे ती मावशी काय म्हणेल तेही बघितलं. हे सगळं बघायला मला फार वेळ लागला नाही.

"मला रजा नाही मिळायची," मी म्हणाले.

"विचारून तर बघ," सरोज म्हणाली.

"हिची नोकरी आहे, ताई," इलाही वायरीकडे बघतच म्हणाला. "दवाखान्यातली आहे. ती सोडून कसं चालेल?"

"तसं म्हणतोस?"

"तसंच आहे."

सरोजने परत त्याच्या पाठीवर हात ठेवला, या वेळी थाप न मारता, आणि नानांना म्हणाली, "पुण्याच्या त्या पोराला फोन लावा."

तेजपालने तिकिटावरचे पावणेदहा खोडले नाहीत. वहीत त्या कॉन्सर्टपुढे अजूनही तो एकच आकडा आहे. माझे मार्क मी लिहिले नाहीत. एका गाण्याचे लिहिता आले असते, पण तसा नियम नव्हता.

*

मी रजा मागितली नाही, तेव्हा ती मिळाली असती की नाही हे मला माहीत नाही. डॉक्टर तसे बरे होते.

इलाहीने मालकाला काही सांगायचं राहिलंच होतं, त्यामुळे सोमवारी तो नेहमीच्या वेळेला शेडवर गेला.

दोन वर्षांनी त्याच्या कानाला मशीन बसलं. तपासणी मीच केली. भिंतीवरचं चित्र मी आधी काढून ठेवलं होतं. तो आत येऊन बसला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "माझं चित्र कुठं गेलं?" मशीन लावल्यावर मी मोबाइलवर 'आडवं सूत'मधलं दुसरं गाणं लावलं. तो शेवटपर्यंत ऐकत बसला, एकदाही मान न हलवता.

"झांज आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "तेजपालला सांग, सहाचे साडेआठ कर."

"नऊ नाही?"

"साडेआठ. गोधडी आहेच."

मिरजेच्या त्या शनिवारच्या चार वर्षं आधी, आमच्या पहिल्या कॉन्सर्टमध्ये, स्पीकरसमोर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने खिशातून मागावरच्या कापसाचे दोन बोळे काढले आणि मी कान झाकतेय हे बघून मला दिले. त्याच्याकडे दोनच होते.